बहुरूपी टायरची शिकवणी

मुश्ताकभाईंच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी खुर्चीत बसतं, चहा पितं, पावसाला नावं ठेवतं आणि मग टायरकडे वळतं. प्रणाली गेडामला ही रीत कधी जमली नाही. ती आल्या आल्या जमिनीवर उकिडवी बसायची, टायरच्या खाचांमध्ये अंगठा घालून खोली मोजायची आणि दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पाडायची. आज तिच्यापुढे चार टायर उभे होते आणि चौथ्यापुढून ती वीस मिनिटं हलली नव्हती.

"ताई, तो टायर आहे, नवरदेव नाही," मुश्ताकभाई शेवटी म्हणाले. "इतकं काय निरखून पाहता?"

"नवरदेव असता तर एवढा वेळ लावला नसता भाई. इथं माणसाचा जीव आहे."

ते खरंच होतं. प्रणाली फिरत्या डायलिसिसची गाडी चालवायची. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत, त्यांचं रक्त गाळून शुद्ध करणारं यंत्र त्या गाडीत बसवलेलं होतं. एकेकाळी या यंत्राला टाकीभर पाणी लागे; आता पाच-सहा लिटर पाणी तेच तेच गाळून वापरता येई, म्हणून तर ते चाकांवर चढू शकलं. गाडी तीच चालवायची, सुईही तीच टोचायची, आणि शहरातला डॉक्टर पडद्यावरून लक्ष ठेवायचा. वणीपासून कोलझरीच्या फाट्यापर्यंत चव्वेचाळीस किलोमीटर डांबरी रस्ता होता. फाट्यापासून तिचे पेशंट देवीदास उईके यांच्या घरापर्यंत पावणेतीन किलोमीटर पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंना शेतं आणि मधे काळ्या मातीची वाट. सगळं रामायण त्या पावणेतीन किलोमीटरचं होतं.

मागच्या पावसाळ्यात तिने रस्त्याचे टायर ठेवले होते. डांबरावर गाडी लोण्यासारखी चालली आणि पांदणीत तोंडावर पडली. एकदा तर देवीदासकाकांना चौघांनी बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणलं, तेव्हा त्यांच्या छातीत पाणी भरलं होतं आणि ओठ निळे पडले होते. मग तिने जाड ठोकळ्यांचे चिखलाचे टायर लावून पाहिले. ते पांदणीत पठ्ठे निघाले, पण ओल्या डांबरावर ब्रेक दाबताच गाडी आडवी होऊन पुलाच्या कठड्याला टेकली. तिसरा पर्याय दोन्हीच्या मधला होता, तो दोन्हीकडे जेमतेम पास व्हायचा. गाडी ज्या संस्थेची होती, तिने आता स्पष्ट कळवलं होतं की या पावसाळ्यात तीन फेऱ्या चुकल्या तर कोलझरीचा थांबा बंद होईल आणि पेशंटने शहरात खोली घेऊन दवाखान्याजवळ राहावं.

"शहरात राहून फक्त मशीनची वाट पाहाची?" काका यावर म्हणाले होते. "मंग जगाचं तरी कशाले?" आणि ते हट्टाला पेटले की पेटले, हे प्रणालीला चांगलं ठाऊक होतं.

मुश्ताकभाईंनी चौथा टायर चिखलाने भरलेल्या पसरट घमेल्यातून ढकलत नेला. चिखल लागताच त्याच्या अंगावरचे ठोकळे सुळसुळ वर आले, चांगले अंगठ्याएवढे. पलीकडच्या कोरड्या फरशीवर आल्यावर ते पुन्हा आत बसले आणि टायर जवळजवळ गुळगुळीत झाला.

"कंपनीने नाव दिलंय लांबलचक. इथं कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही बहुरूपी म्हणतो," मुश्ताकभाई म्हणाले. प्रत्येक ठोकळ्याखाली हवेची एक छोटी पिशवी होती. रबरात केसासारखे बारीक संवेदक तंतू विणलेले होते. जमीन किती ओली, किती घट्ट, दाबल्यावर किती उलट दाबते, हे तंतू चाकाच्या मध्यातल्या संगणकाला सांगत आणि संगणक ठोकळे वर-खाली करी. "पण एक सांगून ठेवतो ताई. हा शिकलाय लाल मातीत, वाळूत आणि भाताच्या चिखलात. आपल्या काळ्या मातीची याला काही माहिती नाही. ती तुम्हाला शिकवावी लागेल."

"मी टायरला शिकवू?"

"शिकवणीचं बटण आहे. तुम्ही हाताने ठोकळे लावायचे. तेव्हा जमीन कशी लागत होती, ते हा लक्षात ठेवतो. आणि याच्या जातीचे जितके टायर देशात फिरतात, ते रोज आपापले धडे एकमेकांना देतात. एकाला आलं की सगळ्यांना आलं."

प्रणालीने आणखी एकदा खाचेत अंगठा घातला आणि चारही चाकांना बहुरूपी बसवायला सांगितले.

जून-जुलै बरे गेले. डांबरावर गाडी आवाजसुद्धा करत नव्हती आणि पांदणीच्या तोंडाशी आल्यावर चाकांखालून सुळसुळ ऐकू यायची, तेव्हा प्रणालीला उगाच हसू यायचं. नाल्याला पूर आल्याने दोन फेऱ्या चुकल्या खऱ्या, पण त्यात टायरचा काही दोष नव्हता. आता मात्र हातात एकही चूक शिल्लक नव्हती.

ऑगस्टमध्ये झड लागली. तीन दिवस, तीन रात्री आभाळाने तोंड मिटलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी जरा उघडलं, तशी ती निघाली. काकांचं शेवटचं डायलिसिस होऊन तीन दिवस झाले होते आणि कांताबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पहाटे फोन आला होता की आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नाही, बसूनच आहेत.

पांदणीच्या तोंडाशी प्रणाली चकित झाली. सगळी वाट पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांनी, आणि कुटाराने, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाने, झाकलेली होती. ही कोलझरीची जुनीच रीत. वाट फसायला लागली की घरोघरचं कुटार आणायचं आणि अंथरायचं. बैलगाडीचं अरुंद चाक ते कापत खालच्या कठीण थरापर्यंत जातं आणि निघून जातं. आज डायलिसिसची गाडी येणार म्हणून गावाने जरा जास्तच मनावर घेतलं होतं. जनावरांच्या चाऱ्यातलं कुटारसुद्धा लोकांनी हात न आखडता टाकलं होतं.

प्रणालीचं मन भरून आलं. दोनेक किलोमीटर नीट पार पडले, मग थर दाट झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'घट्ट जमीन'. आणि ठोकळे आत गेले.

"अरे, बाहेर काढ! बाहेर!" ती टायरवर ओरडली. पऱ्हाट्यांचा थर चाकांखाली करकरीत लागत होता, म्हणून बहुरूपीला वाटलं आपण पक्क्या रस्त्यावर आलो. तेवढ्यात थर फाटला. गुळगुळीत चाकं गरगरली आणि गाडीने एका बाजूला बसकण मारली. ठोकळे वर आले तेव्हा उशीर झाला होता. काळी माती आणि कुटार एकत्र मळलं की काय होतं, ते खेड्यातल्या कोणालाही विचारा. भिंती लिंपायला हाच गारा करतात. टायरच्या खाचा त्या गाऱ्याने अशा लिंपल्या गेल्या की चौघांनी मिळून लिंपल्या असत्या तरी इतक्या सफाईने जमलं नसतं.

घर अजून आठशे मीटर लांब होतं. यंत्र उचलून न्यावं तर दोन क्विंटलचं, आणि काकांना उचलून आणावं तर ते आडवे होऊ शकत नव्हते. प्रणाली खाली उतरली, घोटाभर रुतली आणि धावत आलेल्या माणसांवर बरसली.

"कोणी सांगितलं होतं हे टाकायला? मला विचारायचं तरी!"

घोळक्यातून कांताबाई पुढे आल्या. साठीच्या, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी.

"मीच सांगतलं बाई. गाडी फसू नये म्हनून." त्यांचा आवाज फुटला. "आमाले का मालूम याले पऱ्हाटी समजत नाई!"

प्रणालीला बोलल्याची लाज वाटली. तीन दिवस नवऱ्याचा श्वास मोजत बसलेल्या बाईवर आपण ओरडलो, हे तिला सहन होईना. ती खुरपं घेऊन खाचा साफ करायला बसली, मग सगळेच बसले. अर्ध्या तासात चारही टायर मोकळे झाले. तिने शिकवणीचं बटण दाबलं. आता ठोकळे तिच्या हातात होते, पण पऱ्हाट्यांखाली कुठे काय आहे, हे तिला काचेआडून दिसणार कसं?

"म्या पुढं चालतो," कांताबाई म्हणाल्या. वऱ्हाडातल्या बायका असं 'चालतो' म्हणतातच. "या वाटंनं माह्यी सारी जिंदगी गेली. कुठं काय हाये ते पायाले ठाव हाये."

त्या पुढे झाल्या. दर पावलाला आधी पायाची बोटं जमिनीत रोवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग टाच टेकायच्या. "इथं वर घट्ट, खाली पोकळ." प्रणाली ठोकळे पूर्ण वर काढायची. "इथं मुरूम लागते, ये बिनघोर." ठोकळे अर्धे. "इथं चिकट हाये, हवा कमी कर." ती टायरमधली हवा उतरवायची, म्हणजे चाक पसरट होऊन भार वाटला जाई. एका जागी कांताबाईंनी बोटं रोवली आणि झटकन पाय मागे घेतला. "नको! डावीकून घे!" गाडी डावीकडून गेली आणि मागच्या माणसाने त्या जागी काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली.

आठशे मीटरला सव्वा तास लागला. काका खाटेवर बसल्या बसल्या भिंतीला टेकले होते आणि बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. प्रणालीने सुई टोचली, यंत्र सुरू केलं आणि चार तास त्यांच्या छातीकडे बघत बसली. तिसऱ्या तासाला त्यांनी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. चौथ्या तासाला ते म्हणाले, "कांते, गाऱ्याचा वास येऊन राह्यला. घर लिंपून राह्यली का?" तेव्हा कांताबाई आणि प्रणाली एकमेकींच्या गळ्यात पडून आधी रडल्या आणि मग हसत सुटल्या.

त्यानंतर शिकवणी नेहमीची झाली. आठवड्यात तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला फाट्यावर कांताबाई हजर. त्या पुढे चालायच्या, प्रणाली ठोकळे लावायची, टायर लक्षात ठेवायचा. हळूहळू उलटं होऊ लागलं. कांताबाईंनी तोंड उघडायच्या आत ठोकळे वर यायचे. "पाह्य, मास्तरले इचारत बी नाई आता," त्या म्हणायच्या, पण त्यांना ते आवडायचं. सप्टेंबर सरता सरता संस्थेचं पत्र आलं. तिसरी फेरी चुकली नव्हती, थांबा कायम राहणार होता. काकांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावर एक निरोप झळकला. दूर मराठवाड्यात, परभणीकडे, शाळेची गाडी चालवणाऱ्या कुणा बाईंनी तो पाठवला होता. त्यांच्या गाडीलाही बहुरूपी होते आणि पाऊस लागला की रोज फसत होते. गेला महिनाभर मात्र ते आपोआप सुधारले होते. धडा कुठून आला हे तपासलं, तेव्हा 'कोलझरी पांदण' असं नाव दिसलं. 'तुमच्याकडे कोण शिकवतं? मुलं रोज वेळेवर शाळेत पोहोचतात. शिकवणाऱ्यांना आमचा नमस्कार सांगा.'

प्रणालीने निरोप वाचून दाखवला. कांताबाईंनी तिला तो पुन्हा वाचायला लावला.

"आज चालू नका काकू," प्रणाली म्हणाली. "आत बसा. तुमचा विद्यार्थी कसा चालतो ते बघा तरी."

कांताबाई पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसल्या, पाय सवयीने अनवाणी. वाट वरून वाळली होती, कुठे काही धोका दिसत नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत, परभणी किती लांब आहे वगैरे विचारत होत्या. बोरीचं झाड मागे पडलं आणि बोलता बोलता त्यांच्या पायाची बोटं एकदम आखडली, जणू पत्र्याच्या तळातून त्यांना खालची माती लागली होती. नेमक्या त्याच क्षणी चाकांखालून सुळसुळ आवाज आला. ठोकळे वर आले, गाडी जराशी डावीकडे सरली आणि ओली जागा टाळून पुढे गेली.

प्रणालीने स्टिअरिंग जराही वळवलं नव्हतं, एका बाजूच्या ठोकळ्यांनीच गाडी ओढून घेतली होती. तिने कांताबाईंच्या पायांकडे पाहिलं. त्याही आपल्याच पायांकडे बघत होत्या, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत.

"ही जागा म्या याले कधी सांगतली नाई," त्या हळूच म्हणाल्या. "इथं तं वाट आताच बिघडली."

"शिकला तो, काकू. तुमच्यासारखं ओळखायला शिकला."

कांताबाईंनी वाकून गाडीच्या तळावर तळवा ठेवला. खाली चाकं वाट चाचपत चालली होती. घर दिसायला लागलं. काका ओट्यावर बसून हात हलवत होते.

"मंग बाई, मले एक सांग," त्यांनी विचारलं. "या घडीले म्या कोनाकोनाच्या गाडीम्होरं चालून राह्यलो असन?"