पायरीवरची सावली

तशी बाई मोठी समाधानी. घरी बसून बसथांब्यांवरची पोस्टरं करायची, आणि ते काम मनापासून आवडायचं. या खेपेची पोस्टरं होती 'जरा थांबा, नीट बघा' अशी. मान खाली घालून पळणाऱ्यांनी बारीकसारीक गोष्टींकडे बघावं, म्हणजे झिजलेली पायरी, दाराची कडी, भेगेत उगवलेलं इवलंसं रोप.

फोटो काढताना ती नवऱ्याला शेजारी उभं करायची, वस्तू केवढी आहे ते कळावं म्हणून. निवृत्त माणूस. कुरकुरायचा, पण उभा राहायचा.

"मला काय मोजपट्टी समजलीस?"

"हलू नका हो. पोट आत घ्या."

मग कॉम्प्युटरवर त्याला पुसलं की पोस्टर तयार. पुसायचं ते नेहमी फोटोच्या प्रतीतून, मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. पण त्या दुपारी छापखान्याची घाई होती. प्रत काढायची राहिली आणि बाई मूळ फोटोवरच पुसायला बसली.

आधी टोपी पुसली. स्वयंपाकघरात तो चहा करता करता गुणगुणत होता, ते थांबलं. मग खांदे पुसले.

"अगं... जरा इकडे ये ना..." आवाज दोन भिंतींपलीकडून यावा तसा आला.

"आले, दोनच मिनिटं."

शेवटी चपला पुसल्या, आणि तिला फार हलकं वाटलं. घर कसं शांत! आपण एकट्या राहतो ते किती बरं, कामात कुणाची लुडबूड नाही, असं अगदी सहज तिच्या मनात आलं. समोर खुंटीवर पुरुषाची टोपी लटकत होती. ती काही तिला दिसली नाही. आता काय म्हणावं, साऱ्या गावाला बघायला शिकवणारी बाई ही!

फोटो पाठवला. थोड्याच वेळात छापखानेवाल्याचा फोन आला.

"झकास झालंय, बाई. फक्त पायरीवर एक सावली राहिलीय. माणसाची. पण माणूस तर कुठेच नाही..."

तिने फोटो उघडला. सावलीने एक हात वर केला होता, कुणाला थांबवावं तसा. तिने पडद्यावर त्या हाताला बोट लावलं. का, ते कळेना.

"राहू देऊ, की पुसू?"

आतून कुणीतरी "अगं..." म्हणालं. नुसता श्वासच म्हणा ना.

"कुठेतरी बघितल्यासारखी वाटते," ती पुटपुटली. बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःशीच हसली. "काही नाही हो. पुसून टाका."

ती आत गेली. ओट्यावर चहाचे दोन कप होते, दोन्ही वाफाळलेले. मी कधी केला हा, असं म्हणत तिने एक उचलला आणि घोट घेतला. साखर तिला लागते तेवढीच होती, अर्धा चमचा.