काळवंडलेल्या दातांची साक्ष

त्या वर्षी उंबरगी तालुक्यात सव्वीस मुलांचा वरचा पुढचा दात काळा पडला. सव्वीसही मुले आता आईबापांजवळ राहत नव्हती.

शाळेच्या दारावरचे 'दंतसाक्षी' हे यंत्र मूल हसले की त्याचे दात वाचत असे. जोराचा मार लागला की दाताच्या आत रक्त झिरपते आणि दात काळवंडतो. एवढ्या एका तथ्यावर ते यंत्र शिकवले होते. काळा दात म्हणजे घरात मारहाण, हा त्याचा निष्कर्ष बालकल्याण कचेरीवर बंधनकारक होता.

दंतवैद्य मृणाल सबनीस त्या कचेरीतून चौथ्यांदा हात हलवत परतल्या, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर भरमू सुतार बसला होता. त्याची आठ वर्षांची लेक शेवंता अडीच महिने बालगृहात होती.

"काय म्हनले, डॉक्टरबाई?"

"यंत्र शंभरात शहाण्णव वेळा बरोबर असतं, म्हणाले."

"मग मी उरलेल्या चारांत हाय, म्हनून सांगायचं की!"

"सांगितलं. सगळे बाप तेच सांगतात, म्हणाले."

भरमूने रंधा धरून घट्टे पडलेला पंजा पुढे केला. "ह्यो हात पडला असता तर दात काळा न्हाई, भुईवर पडला असता."

मृणालबाईंना हसू आले नाही. शेवंताच्या दाताला कीड होती, मार नव्हता. त्याचे मूळ त्यांनीच साफ करून भरले होते. तसे लेखी दिलेही होते. यंत्र उपचार वाचत नाही, रंग वाचते, असे उत्तर आले.

त्यांनी काढून टाकलेल्या दातांत तेच भरण भरून पाहिले. तीन आठवडे सगळे दात पांढरेच राहिले. वैतागून चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःची रोजची पद्धत पायरीपायरीने केली: भरण्याच्या अगदी आधी जंतुनाशकाने एक जादा धुणे, आणि त्यानंतर साधे पाणी नाही. हा जादा सोवळेपणा त्यांचाच होता. तालुक्यातल्या बाकीच्या पाचही दंतवैद्यांना त्यांनीच तो शिकवला होता. आठवड्यात दात काळे पडले. मग त्यांनी सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या; सव्वीसही मुलांचे दात असेच भरलेले होते.

"म्हंजे तुमीच काळा केला?" सगळे ऐकून भरमूने विचारले.

"हो."

त्याने टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "लिवा."

त्यांनी लिहिले: "क्ष-किरणांत दिसावे म्हणून भरणात बिस्मथ ऑक्साइड असते. दातात राहिलेल्या जंतुनाशकाशी, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटशी, त्याचा संयोग होऊन काळा पदार्थ बनतो. सव्वीसही दात माझ्या पद्धतीने भरलेले आहेत. ते त्यामुळेच काळे झाले. या मुलांना कोणी मारलेले नाही."