काचेतलं पान

“आई, माझा पासपोर्ट घेऊन संस्थेत या. मला इथून जाऊ देत नाहीयेत,” सून कौमुदी फोनवर एवढंच बोलली.

२००६ चा नोव्हेंबर. मनोरमाला मुलाकडे बॉनला येऊन दोन महिने झाले होते. मुलगा कामासाठी ड्रेस्डेनला गेला होता आणि तिला रस्ता ठाऊक नव्हता. तिने श्रीनाथला बोलावलं. पुण्यात पोथ्यांच्या ग्रंथालयात तिने एकतीस वर्षं काढली. तिथे हा तिच्या हाताखाली शिकला होता. आता तो सुनेच्याच संस्थेत, संस्कृत विभागात होता.

ट्रॅममध्ये तो एक थांबा आधीच उतरायला उठला.

संस्थेत टेबलावर दोन काचांत बंद केलेलं पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाचं, पान होतं. शेजारी प्राध्यापक क्राइत्स, संग्रह सांभाळणाऱ्या फ्राऊ लेन्त्स आणि रडून डोळे सुजलेली कौमुदी.

“हे नकली आहे,” क्राइत्स इंग्रजीत म्हणाले. “अस्सल पान सतराशे वर्षांचं. उद्या मला पोलिसांना कळवावं लागेल. हिचं संशोधन मग संपलंच. व्हिसाही.”

“कसलं पान गं?” मनोरमाने विचारलं.

“इजिप्तमधल्या ख्रिस्ती मंडळीचं, आई. लपूनछपून जमायचे ते. तुरुंगातल्या भावांना भाकरी कोणी पोचवायची, विधवांना कोणी सांभाळायचं, ते लिहिलंय. त्यांचा धर्म अजून घडत होता. दोन वर्षं मी याच्यावर काम करतेय. मी कशाला पळवीन?”

“पान ठेवता त्या कपाटाच्या किल्ल्या किती?” मनोरमाने लेन्त्सना इंग्रजीत विचारलं.

“तीन,” लेन्त्स म्हणाल्या. “माझी, हिची आणि संस्कृत विभागाची. त्यांच्या पोथ्या त्याच कपाटात असतात.”

“शेवटी पान कोणी काढलं?”

“नोंदीत हिचं नाव. सोमवारी. बुधवारी मी दिव्याखाली धरलं, तर धागे नवे.”

“तिसरी किल्ली माझ्याकडे असते, बाई,” श्रीनाथ म्हणाला. “पण मला ग्रीक वाचता येत नाही.”

“नक्कल करायला वाचता कुठे यावं लागतं?” मनोरमा म्हणाली.

मनोरमाने काच उचलली. पुढची बाजू पाहिली, खालची कड धरून काच वर उलटली. मागच्या ओळी सरळ आल्या.

“असं नाही, आई. हे बांधलेल्या वहीचं पान. तेव्हा सगळे गुंडाळ्या वापरायचे, पण या लोकांनी वह्या धरल्या. बाजूने उलटायचं.” कौमुदीने तसं उलटलं. ओळी डोक्यावर उभ्या राहिल्या.

“गेनाऊ, अगदी बरोबर. निष्काळजी माणूस,” क्राइत्स म्हणाले. “आमच्याकडे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फोटो आहेत. त्यावरून केलं असणार.”

मनोरमाने काच खाली ठेवली.

“निष्काळजी नाही,” ती म्हणाली. “हाताला सवय आहे. तुम्ही सगळे वहीतून शिकलात, तुमचा हात बाजूनेच जाईल. पोथीचं पान सुटं असतं. ते खालून वर उलटतात, मागचा मजकूर तसाच लिहिलेला असतो. याने एक बाजू लिहिली, वाळवली आणि पोथीसारखी उलटली. या तीन किल्ल्यांत असा हात एकच आहे. अरे श्रीनाथ, अस्सल पान कुठाय?”

निळ्या शर्टातला एकोणीस वर्षांचा मुलगा तिला आठवला. त्याचं मनगट धरून तिनेच पोथीचं पान असं उलटायला लावलं होतं.

“माझ्या खणात. पाकिटात,” तो म्हणाला. “सहज पाहायला काढलं मंगळवारी. हातातून सुटलं, काच फुटली, पानाचा चुरा झाला. माझं कंत्राट मार्चला संपतंय, बाई. रात्रभर बसून फोटोंवरून नव्या पपायरसवर दुसरं केलं.”

“आणि मला इथे बसवून ठेवलं तेव्हा?” कौमुदीने विचारलं.

त्याने खणाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. लेन्त्स किल्ल्या घेऊन बाहेर धावल्या.

क्राइत्सनी कोरा कागद मनोरमापुढे सरकवला. “हे लेखी द्याल?”

“बाई,” श्रीनाथ हळू म्हणाला, “इथून गेलो तर मला कुठेच जागा नाही.”

मनोरमाने चष्मा पुसला. पहिल्या ओळीत तिने सुनेचं नाव लिहिलं, तिचा दोष नसल्याचं. दुसऱ्या ओळीत, पान उलटायला श्रीनाथला कोणी शिकवलं ते. मग थांबून, नक्कल करणाऱ्याचं म्हणून त्याचं पूर्ण नाव.