नाते असल्यास तपशील द्यावा

आंबिवलीच्या मैदानावर त्या रविवारी दुपारी प्रेक्षक चव्वेचाळीस होते. जागृतीला हे नेमके ठाऊक होते, कारण तिने ते मोजले होते. मोजणे हा तिचा व्यवसाय होता; आणि ज्या रविवारी मोजायला काही नसे, तो रविवार संपता संपत नसे.

ठाण्याच्या ‘तलावपाळी एफसी’ या व्यावसायिक फुटबॉल संघात ती आकडेवारीचे काम पाहत असे. गेल्या हंगामात संघाने चौदा सामन्यांत सदतीस गोल खाल्ले होते आणि आठ संघांत आठवे स्थान मिळवले होते. त्याचा एकच फायदा होता. लीगच्या ड्राफ्टमध्ये पैशांची बोली नसे. इच्छुक खेळाडूंची एक यादी असे आणि प्रत्येक फेरीत तळाच्या संघाने सर्वांत आधी एक खेळाडू उचलायचा. प्रशिक्षक ऋतुराज सरांनी तिला बजावले होते, “तिन्ही फेऱ्या बचावफळीसाठी. गोल कोण मारणार ते मी बघतो. तू खाणं थांबव.”

म्हणून ती दिपेश नावाच्या एकोणीस वर्षांच्या उजव्या बॅकला पाहायला आली होती. हिवाळ्याचे कोवळे ऊन होते, नदीकडून वारा येत होता, त्याला वीटभट्टीच्या धुराचा वास होता. तेवढ्यात चेंडू सुसाट येऊन तिच्या ट्रायपॉडवर आदळला. चेंडू न्यायला मधला बचावपटू, म्हणजे स्टॉपर, धावत आला… उंच, सावळा, एका गुडघ्याला पट्टा.

“लागलं नाही ना, मॅडम?”

“मला नाही. कॅमेऱ्याला विचारावं लागेल.”

“दिपेशला बघायला आलाय ना? मग कॅमेरा त्याच्याकडेच ठेवा.” तो चेंडू उचलून दोन पावले मागे गेला आणि हसला. “पण कान माझ्याकडे ठेवा.”

सामना संपल्यावर तो पुन्हा आला. नाव ज्यूड, राहणार कोपरी.

“माझ्या नावापुढे काय लिहिलंत?”

“टॅकल शून्य. एकदाही चेंडू हिसकावला नाहीत.”

“एवढं ऊन खाल्लं आणि शून्य?”

“शून्य हीसुद्धा माहितीच असते.”

“असं माझी आईपण सांगायची… माझ्या गणिताच्या पेपरानंतर.”

जागृती हसली नाही. पण वहीत पाहण्यासारखे काही नसताना तिने वहीत पाहिले.

कोपर गावात तिच्या वडिलांच्या शेतावर आता चार मजली इमारत उभी होती. खालच्या तिन्ही मजल्यांवर चुलत्यांची कुटुंबे, चौथ्यावर ती एकटी. आईवडील गेल्यानंतरच्या पाच वर्षांत त्या घरात सर्वाधिक आवाज पंख्याने केला होता. त्या संध्याकाळी तिने चित्रीकरण लावले, आणि नेहमी बंद ठेवलेला आवाज पहिल्यांदाच सुरू केला.

“दिपेश, दोन पावलं डावीकडे. बस… तो नाही येत, थांब. मागे बघू नको, मी आहे.”

पूर्ण नव्वद मिनिटे ज्यूड बोलत होता. ‘मागे बघू नको, मी आहे’ हे वाक्य तिने तीनदा ऐकले. कामासाठी एकदा पुरेसे होते.

पुढचे पाच रविवार ती आंबिवलीला गेली. तिसऱ्या रविवारी ज्यूडने गुडघ्याला विश्रांती दिली आणि तिला तुलना करता आली. तो शेजारी असताना दिपेशला चकवून प्रतिस्पर्धी सामन्यात सरासरी दोनदा पुढे जात. तो नसताना सात वेळा. ज्यूडचे स्वतःचे आकडे सामान्य होते. सुधारत ते त्याच्या शेजाऱ्याचे. असा बचावपटू कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, कारण तक्ता एकेकट्या माणसाचा असतो.

सामन्यानंतर मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा होऊ लागला. ज्यूड डब्यातून फुगिया आणी. त्याच्या आईच्या, जॉर्जिनाबाईंच्या हातच्या त्या गोलमटोल पुऱ्या चहात बुडवून खायची रीत त्याने तिला शिकवली.

“तुम्ही हसता कधी?” त्याने एकदा विचारले.

“कारण असेल तेव्हा.”

“म्हणजे इतक्या रविवारांत कारणच नाही मिळालं?”

“मिळालं. पण नमुना फार लहान आहे.”

“वाढवूया मग नमुना,” तो म्हणाला, आणि दुसरा चहा सांगितला.

त्याच दुपारी त्याने उरलेलेही सांगून टाकले. वय एकतीस. जुना क्लब दोन वर्षांपूर्वी बंद पडला, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. “मामा बहरीनला असतो. त्याच्या गोदामात जागा ठेवलीय माझ्यासाठी. ह्या ड्राफ्टमध्ये नाव लागलं तर लागलं… नाहीतर मार्चमध्ये विमान. गोदामात स्टॉपरचं काय काम, सांगा? खोके तर गोल करत नाहीत.”

या वेळी मात्र तिला हसू आतूनही आले नाही. त्याचे नाव तिने आपल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर टाकलेले होते. हे त्याला सांगण्याची तिला मुभा नव्हती.

ड्राफ्टच्या आधीच्या गुरुवारी कार्यालयातल्या करिश्माने तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. “स्वयंघोषणापत्र. घाबरू नकोस गं, सगळ्यांनाच भरायचंय. मागच्या वर्षीच्या त्या भाच्यामुळे.”

मागच्या वर्षी व्यवस्थापकाने स्वतःच्या साडूचा भाचा गोलरक्षक म्हणून घेतला होता. सदतीसपैकी एकतीस गोल त्या भाच्याच्या हातून सुटले होते. तेव्हापासून नियम झाला: यादीतील खेळाडूशी नाते असल्यास तपशील द्यावा, असे नाते जाहीर करणाऱ्या कर्मचाऱ्याने त्या खेळाडूविषयी केलेली कोणतीही नोंद निवडीत धरली जाणार नाही. खाली चार पर्याय होते: रक्ताचे, विवाहाचे, आर्थिक, इतर.

ज्यूडविषयी जगात जी काही आकडेवारी होती, ती एकट्या जागृतीने जमवली होती. ती वगळली तर शिल्लक राहत होता एक एकतीस वर्षांचा माणूस आणि त्याचा शिवलेला गुडघा.

तिने कागद घरी नेला. निरीक्षणे मांडली. हात हातात घेतलेला नाही. कोणतेही वचन नाही. एकूण चहा अकरा. मग तिने फक्त पहिल्या रविवारचे आकडे वेगळे काढले, जेव्हा सामना संपेपर्यंत तिला त्याचे नावही माहीत नव्हते. निष्कर्ष तोच आला: तलावपाळीला हवा होता तो स्टॉपर हाच. तिची मोजणी वाकडी झालेली नव्हती. पण कागद मोजणीबद्दल विचारतच नव्हता. तो नाते विचारत होता.

दुसऱ्या मजल्यावरून शकूकाकूंचा फोन आला. “जेवलीस का गो?”

“हो, काकू.”

त्या दिवसभरात तिने केलेले हे एकमेव खोटे विधान. त्यानंतर तिने ‘इतर’वर खूण केली, खाली दोन वाक्ये लिहिली आणि सही केली. त्या आठवड्यात ती आंबिवलीला गेली नाही. रविवार फारच लांबला.

ड्राफ्ट घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात होता. आठ संघांची आठ टेबले, मागे खुर्च्यांवर खेळाडू. ज्यूड लग्नकार्याचा काळा सूट घालून आला होता. पहिल्या फेरीत तलावपाळीने दिपेशला घेतले. दुसऱ्या फेरीत ऋतुराज सरांनी जागृतीकडे एकवार पाहिले, नजर खाली घेतली आणि पुण्याच्या एका तरुण स्टॉपरचे नाव दिले. मागे वळून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही.

चार नावांनंतर कोल्हापूरच्या टेबलाने ज्यूडचे नाव दिले. त्यांच्या प्रशिक्षकाने आंबिवलीत दोन सामने नुसते उभे राहून पाहिले होते. वही नाही, कॅमेरा नाही. जागृतीला अपमान वाटायला हवा होता. तिने मात्र समोरच्या पडद्यावर उमटलेले त्याचे नाव दोनदा वाचले.

मध्यंतरात तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हातात कॉफीचा कप, न प्यायलेला.

“अभिनंदन,” ती म्हणाली.

“थँक्यू… मला वाटलेलं तुम्हीच घ्याल. रविवारी पण आला नाहीत. एवढा वाईट खेळलेलो का मी?”

“नाही.”

“मग?”

तिने त्याला घोषणापत्राचा नियम सांगितला. क्रमाने, एकही पायरी न गाळता.

“इतर म्हणजे… काय लिहिलंत?”

“ते गोपनीय असतं.”

“जागृती.”

नावाने त्याने प्रथमच हाक मारली होती. तिने त्याच्या कपाकडे पाहत पाठ म्हणून दाखवले: “‘प्रस्तुत खेळाडूच्या भेटीची मी आठवडाभर वाट पाहते. त्यांच्या बाजूने असे काही असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही.’”

“हे कोणी कोणी वाचलं?”

“सरांनी. करिश्माने. दोन संचालकांनी.”

“म्हणजे ठाण्यातल्या सगळ्यांना सांगितलंत… मला सोडून!” तो इतक्या मोठ्याने हसला की दोन टेबले वळली. मग त्याचे हसू हळूहळू ओसरले. “पुरावा पाहिजे ना? देतो. कोल्हापूरच्या करारावर अजून सही नाही केलेली. नाही सांगतो त्यांना. इथेच राहतो.”

आता काहीच बोलायची गरज नव्हती. ती नुसती गप्प राहिली असती, तरी पुढचा रविवार तिचा होता. तिने कप त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला.

“तुम्ही जायचं.”

“का?”

“दोन वर्षं तुमचा खेळ कुणी पाहिला नव्हता. आता पाहणारं माणूस मिळालंय. राहिलात तर मार्चमध्ये गोदाम… आणि गोदाम टळलंच, तरी मला बघून रोज आठवेल, काय सोडलं ते. तशी सोबत मला नको.”

“आठ महिन्यांचा करार आहे तो.”

“दोनशे पंचेचाळीस दिवस.”

“मोजलेत?”

“नाव पडद्यावर आलं तेव्हाच.”

त्याने तिचे मनगट धरले, घड्याळाच्या किंचित वर. तिथे नाडी लागते. ती किती वेगात आहे हे त्याला निश्चित कळले असणार. “मोठी सुट्टी पडेल तेव्हा येईन.”

“वेळापत्रकात अशा दोनच आहेत.”

“दोन पुरतील?”

“नाही,” ती म्हणाली. “पण या.”

घंटा झाली. ती आपल्या टेबलाशी परतली. ऋतुराज सरांनी खुर्ची सरकवून दिली. “तिसरी फेरी. सतरावा नंबर आपला. डावा बॅक. बोल.”

तिने नाव सांगितले. आवाज स्थिर राहिला. समोर कोल्हापूरच्या टेबलाशी काळ्या सुटातला माणूस करारावर वाकला होता. लेखणी टेकवण्यापूर्वी त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने सही केली.

“ठीक आहेस ना?” सरांनी हलकेच विचारले.

“नाही, सर. पण निवड बरोबर आहे.”

कोणती निवड, हे सरांनी विचारले नाही.