मिटायचे राहिलेले डोळे

हरिदासजींच्या घरी जायला धुरपताबाईंना निमित्त शोधावं लागतं, असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. निमित्त त्या हातात घेऊनच निघतात. त्या दुपारी ते पाटवडीच्या रश्शाचं होतं. वाटीवर ताटली, ताटलीवर पदराचं टोक धरून त्या शेजारच्या फाटकाशी आल्या.

हिंगणघाटचं वैशाखाचं ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घराघरांतून कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

खरं काम वेगळंच होतं. पुण्याहून हरिदासजींच्या मुलाचा, आदेशचा, सकाळीच फोन आला होता. "काकू, उद्या बाबाले सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायाचं आहे. मी रात्रीच्या गाडीनं निघतो. पण ते अडून बसले. विमान पुरं झाल्याबिगर जात नाई म्हणतात. तुम्हीच सांगून पाहा."

हरिदासजींचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच नेला होता. उजव्यातही आता अंधार उतरत होता. उद्याचं ऑपरेशन टाळलं तर तोही जाईल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. बायको वारलेली, माणूस एकटा. आंधळा झाला तर याच्या हातात भाकर कोण देईल, या विचारानं धुरपताबाईंचा सकाळपासून कशातच जीव लागत नव्हता.

दार लोटलेलंच होतं. आत थिनरचा उग्र वास कोंडला होता. टेबलावर जुने पेपर पसरलेले, त्यावर रंगाच्या चिमुकल्या डब्या, आणि मधोमध ते प्लास्टिकचं विमान. पाठीवर माती आणि हिरव्या रंगाचे पट्टे, पोट राखाडी.

"काकाजी, जेवले का?"

"ठेवजो तिथं," हरिदासजींनी मान वर केली नाही.

"कोणतं विमान म्हणावं हे?"

"हरिकेन."

"हरिकेन? म्हंजे कंदील?"

"कंदील तुह्या माहेरी!" म्हातारा हसला. "मोठ्या लढाईतलं होय हे. ब्रह्मदेशात जपान्यांवर सोडे आपले पोरं."

धुरपताबाई वाकल्या. पंखांवर निळे गोल होते. "मंधात लाल टिकली लावाची राह्यली वाटते."

"नाई व. लाल दिसला की जपान्याचं समजून आपलेच लोक पाडत. म्हून पुसून टाकला."

"मंग झालं नं पुरं! आता उद्या गुमान…"

"नाई झालं." त्यांनी कुंचल्यानं दाखवलं. विमानाच्या पाठीत, काचेचं झाकण बाजूला काढून ठेवलेल्या जागी, एक माणूस बसला होता. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. चामड्याची टोपी होती, नाक होतं, ओठही होते. डोळ्यांच्या जागी कोरी कातडी.

"याचे डोळे राह्यले."

भिंगातून पाहत त्यांनी कुंचला टेकवला. हात थरथरला, रंग पसरला. थिनरच्या कापसानं पुसला. परत टेकवला, परत पुसला. शेवटी त्यांच्याच डोळ्यातून पाण्याची धार लागली. "थांबजो… डोळा धुऊन येतो," म्हणत भिंतीला हात लावत ते मागच्या अंगणात गेले.

आता धुरपताबाई कुठल्या, तर सिंदीच्या. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला सिंदीचे लाकडी बैल पाहायला गावोगावचे लोक येतात, आणि त्यांचे वडील बैल रंगवत. डोळे शेवटी काढायचे, आणि बिनडोळ्यांचा बैल घरात ठेवायचा नाही, हे त्यांनी लहानपणीच ऐकलेलं. वडिलांचा हात थकला की बैलांचे डोळे धुरपताच काढी. त्यांच्या मनात आलं, दोन ठिपक्यांचं तर काम आहे. एवढ्यासाठी म्हाताऱ्याचा डोळा जायचा?

कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी त्यांनी मोडली. टोक काळ्या रंगात बुडवलं. श्वास धरून तोंड अगदी जवळ नेलं, आणि एक ठिपका… दुसरा ठिपका…

त्याच क्षणी लाईन गेली. कूलर थांबला. घर असं शांत झालं की कान दुखावेत.

त्या शांततेत विमानाच्या नाकावरचा पंखा फिरला. जोरात नाही. कोणी झोपेतून कूस बदलावी तसा, अर्धा फेर. वारा नव्हता. थिनरचा वास विरला होता आणि खोलीत कुजलेल्या, ओल्या पानांचा वास भरत होता. ओली पानं… वैशाखात, हिंगणघाटात!

"कोणं केलं हे?"

हरिदासजी भिंग घेऊन टेबलाशी उभे होते.

"झालं नं काकाजी," धुरपताबाई हसायला गेल्या. "मले वाटलं, तुमचा हात…"

"उघडे नव्हते काढाचे व, धुरपता." त्यांचा आवाज खोल गेला. "मिटलेले काढाचे होते. एक बारीक रेघ… बस."

ते खुर्चीवर बसले. "माह्या बाबाचे मोठे भाऊ, अण्णाजी. हेच विमान चालवत. तिकडं जंगलात पडले, सापडलेच नाई. आजी मरेपर्यंत म्हणे, माह्या लेकाचे डोळे मिटाले कोणी नव्हतं, म्हून तो भटकून राह्यला. मी म्हटलं, माह्या डोळ्यात उजेड आहे तोवर आपण तरी मिटून द्यावे…"

त्यांनी कापूस बुडवून ते तोंड पुसलं. ओठ गेले. नाकाचा रंग गेला. दोन काळे ठिपके मात्र हलले नाहीत.

"डोळे उघडले तवा… समोर कोण होतं?"

"मी… मीच होती."

हरिदासजींनी विमान जवळ ओढलं. काचेच्या झाकणाच्या कडेला गोंद लावून त्यांनी ते घट्ट बसवून टाकलं. आता त्यांचा हात थरथरत नव्हता. "जातो उद्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आदेश त्यांना सेवाग्रामला घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला. "डोळा वाचला म्हणते, काकू! बाबाले खाटेवर आणलं." धुरपताबाईंनी तिथूनच हात जोडले. रात्रभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं. पोटात भूकही जाणवली. यजमान कापसाच्या जिनिंगवर कामाला गेले होते. तवा ठेवून त्यांनी एकटीपुरती भाकर टाकली.

तेव्हा आवाज आला.

नागपूरचं विमान असेल, त्यांना वाटलं. पण ती विमानं उंचावरून सरळ निघून जातात. हे घराभोवती फिरत होतं. एकदा लांब गेलं, परत आलं, खाली उतरलं. मांडणीतल्या ताटल्या थरथरू लागल्या. मग इंजिन खोकल्यासारखं दोनदा अडकलं आणि डोक्यावरच थांबलं.

गच्चीवर काहीतरी जड टेकलं.

फोन वाजला. नंबर आदेशचा, आवाज हरिदासजींचा.

"धुरपता…"

"काकाजी! तुम्ही काऊन बोलून राह्यले? पडून राहा नं. आदेश कुठी आहे?"

"औषध आणाले गेला… मले दिसून राह्यलं, धुरपता."

"एवढ्यात पट्टी काढली?"

"नाई. पट्टी आहे… गच्च बांधली आहे. तरी दिसते. लई साफ."

धुरपताबाईंनी फोन कानाशी दाबला. "काय दिसते, काकाजी?"

"आधी नदी दिसली. वरून… मंग टिनाची छपरं. मंग एक जिना… अंधारा." त्यांना धाप लागली होती, जिना तेच उतरत असल्यासारखी. "आता चूल दिसते. ग्यासची… कोणाचं घर होय हे? तव्यावरची भाकर जळून राह्यली…"

धुरपताबाईंनी खाली पाहिलं. भाकरीतून धूर निघत होता. आणि त्या धुराच्या वासामागून, अगदी मानेजवळून, ओल्या पानांचा वास आला.

"धुरपता…" फोनमधला आवाज हळू झाला, जवळ उभ्या माणसाशी बोलावं तसा. "माह्याकडे पाठ करून काऊन उभी आहेस?"