पॅचखालचं नाव

मंजुषा आणि विरूपाक्षची पहिली भेट लातूरच्या मोंढ्यात झाली, तीही सोयाबीनच्या पोत्यांमध्ये! एका आडतीवरचा वजनकाट्याचा संगणक मधूनच ठप्प व्हायचा. काटेवाल्यांनी मुखेडच्या मंजुषाला पाठवलं, संगणकवाल्यांनी उदगीरच्या विरूपाक्षला. दोघं एकाच खोक्यावर वाकले अन् डोक्याला डोकं आपटलं.

"लागलं का वो?"

"मला न्हाई. तुमचं शाबूत हाय का बघा!"

हसला मेला! तिथंच तिचा जीव अडकला.

दोष पार कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातच दडलेला. महाबिलंदर! तपासायला एखादी ओळ छापायला लावली की यंत्र शहाण्यासारखं चालायचं. ओळ काढली की पुन्हा ठप्प. दोघं शेजारी बसून कोड उपसत राहिले. शेवटी मंजुषालाच दिसलं — संगणकातलं एक काम आपलं कुलूप सोडतं न सोडतं, तोच दुसरं आत घुसतंय. "सापडलं!" ती ओरडली. त्यानं तिचा हात धरला तो... सोडलाच नाही.

गाभा जगभर एकच, म्हणून दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडचं ठिगळ, जगभरच्या कर्नलवाल्यांकडे जायचा होता. दोष ज्यानं शोधला, त्याचं नाव पॅचखाली लिहायची तिथं रीत. मंजुषाला तेवढंच हवं होतं. घरी सोयरीक बघणं चाललेलं; ते नाव दाखवून ती वडिलांना म्हणणार होती, 'मला हेच काम करत राहू द्या.' पॅच विरूपाक्षनं पाठवला.

तो मंजूर झाला तेव्हा तिनं स्क्रीन पाहिली. खाली एकच नाव होतं. त्याचं.

"माझं कुठाय?"

तो लाजला. खरंच लाजला! "पूर्ण नाव लिहावं लागतंय ना... अन् तुझं आडनाव तर बदलणारच हाय — आपलं लगीन झालं की. म्हणलं, पुढच्या पॅचला नवंच घालू. आईला घेऊन येऊ का मुखेडला?"

हेच ऐकायला ती झुरत होती. अन् आलं ते असं! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता घाल की."

"आता न्हाई बदलत ते. पण लई मनापासून केलं गं मी..."

"ठाऊक हाय. म्हणूनच भ्याव वाटायलंय," ती म्हणाली. "शोधलं ते मी, ह्याच नावानं. आईला आणू नको."

त्यानं हाक मारली. तिला वळायचं होतं, फार वळायचं होतं, वळली नाही.

त्या रविवारी देवणीचे पाहुणे तिला बघायला आले.

"मुलगी काय करती?"

"काही न्हाई, कंप्यूटरचं असतंय काहीतरी," वडील म्हणाले.

मंजुषानं तोंड उघडलं. पण दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.