ओदेरोचा ठोका

"मी गायला लागले की तुझा ढोल का रे चुकतो?"

विचारलं एकदाचं! अदोयोने डोळे गच्च मिटून घेतले. चर्चमागच्या आंब्याआड लॅव्हेंडर आणि ग्रेस तोंडावर हात दाबून खिदळत असणार, ते तिला न बघताही कळत होतं. पैज त्यांचीच. विचारून दाखवलंस तर आमच्या वाटणीची गोड भजी तुझी! आणि अदोयो हल्ली कशालाच घाबरत नव्हती. अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलं होतं तिने. गायकवृंदात सगळ्यांच्या पुढे उभी राहून गायची. मग एका ढोल वाजवणाऱ्या मुलाला काय भ्यायचं?

पण मग गाल का तापले होते...

ओकोथने मान वर केली. "चुकतो? माझा?"

"तुझाच. दर रविवारी. मी वरचा सूर लावते आणि तू एक ठोका खातोस. सगळ्या मुली म्हणतात की—"

"काय म्हणतात?"

"काही नाही."

"बघ, ओळ तूच अर्धी सोडलीस. चुकलं कोण?"

"ए, विषय बदलू नकोस हं!"

तो हसला. एकाच गालावर खळी... आणि नेमका तेव्हाच सरोवरावरून पाऊस धावत आला. चर्चच्या पत्र्यावर नुसता तडतडाट. मैत्रिणी किंचाळत घराकडे पळाल्या. ही दोघं वळचणीला चिकटून उभी, मध्ये ढोल.

"तुझं नावच पावसावरून ठेवलंय," अदोयो म्हणाली. "जाशील तिथे घेऊन येतोस."

"मी जन्मलो तेव्हा छप्पर गळत होतं म्हणे. त्यात माझा काय दोष?"

ती खळखळून हसली. तो हसला नाही. ढोलावरचे थेंब तळहाताने पुसत राहिला, मग हळूच म्हणाला, "चुकत नाही गं मी. सोडतो."

"म्हणजे?"

"तो ठोका ओदेरोचा आहे."

अदोयोचं हसू ओठांवरच विझलं. ओदेरो... तिचा मोठा भाऊ. ओकोथच्या आधी हा ढोल त्याचा होता. अदोयोचा सूर वर चढला की तो लागोपाठ दोन ठोके द्यायचा, ढुम-ढुम! जणू पाठीवर हात ठेवून म्हणायचा, जा पुढे, मी आहे. मागच्या वर्षी तो आणि ओकोथ एकाच होडीतून जाळं टाकायला गेले. वादळात होडी उलटली. ओकोथ फळीला धरून काठाला लागला. ओदेरो सापडलाच नाही.

"पहिला ठोका पडतो," ओकोथ म्हणाला. "दुसऱ्याला हात वरच राहतो. माझ्या हातात होता गं त्याचा हात. ओला... निसटला."

हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ओकोथ वर्षभर तिच्या घराची पायरी चढत नाही, म्हणजे भाव खातो, असंच तिला वाटत आलं होतं.

"देवावर रागावलास?"

"खूप. पास्टरना सांगूनही टाकलं. ते म्हणाले, रागावून का होईना, बोलतोयस ना त्याच्याशी? थांबू नकोस."

"मी तर बोलणंच टाकलंय त्याच्याशी. गाते ती ओदेरोसाठी. पण त्याला ऐकू तरी जातं का? तो आहे कुठे, तेच..."

तिचा आवाज फुटला. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं, बुडालेला माणूस सापडला नाही तर त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरायचं, नाहीतर पोर पाण्यावर भटकत राहील. बाबा चर्चचे वडीलधारे. 'आपण ख्रिस्ती माणसं, फळं पुरणार नाही,' म्हणाले. काका तणतणत निघून गेले. थडगं झालंच नाही. आई अजून दाराला कडी लावत नाही. एक ताट झाकून ठेवते.

ओकोथने ढोलाची काठी तिच्यापुढे धरली. "तू मार. भाऊ तुझा."

अदोयोने काठी उचलली... आणि हात तसाच वर राहिला.

"इथे नको," ती पुटपुटली. "इथे नाहीये तो."

काठी परत देताना तिने त्याचा ओला हात घट्ट धरला. "हा मात्र निसटायचा नाही हं, ओकोथ."

"धमकी देतेस?"

"हो!"

आता हसायची पाळी त्याची होती. पण त्याचे डोळे भरले होते.

संध्याकाळी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि तळलेले मासे वाढून झाले. बाबांची प्रार्थना झाली. आईने नेहमीसारखं एक ताट झाकलं, तशी अदोयो उठून उभीच राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शनिवारी ओदेरोला पुरायचं."

बाबांचा घास हातातच राहिला. "अदोयो—"

"बाबा, येशूसुद्धा मित्राच्या थडग्यापाशी जाऊन रडला. आपल्याला रडायला जागाच नाही. काकांना मी बोलावणार. फळ ते आणतील, प्रार्थना तुम्ही म्हणायची. मीही म्हणेन... खूप दिवसांनी."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आईने झाकलेलं ताट जवळ ओढलं, त्यावर हात ठेवला.

"आणि ढोल?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"ओकोथ वाजवेल."

"येईल तो? आपल्याकडे?"

"मी हात धरून आणणार आहे त्याला. शनिवारीही, आणि नंतरही," अदोयो म्हणाली. गाल तापले, पण तिने मान खाली घातली नाही. "आणि ओदेरोचा ठोका... तो मी मारणार."